कूलरची टाकी आणि इपॉक्सी: घरच्या गॅरेजमध्ये लोखंड रंगवण्याची रीत

नागपुरात लोखंड सर्वांत लवकर कुठे सडते हे पाहायचे असेल, तर कूलरच्या टाकीत हात घालून पाहावा. होळीपासून पाऊस लागेपर्यंत तिच्यात बोअरचे जड पाणी उभे असते. दिवसभर ते उडून जाते, क्षार मागे राहतात, संध्याकाळी पुन्हा नवे पाणी पडते, आणि जून उलटला की तोच कूलर अर्धवट ओला असतानाच पोर्चच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढकलला जातो. पुढच्या फेब्रुवारीत ताडपत्री काढावी तर तळाला भुईमुगाच्या फोलपटांसारखे तांबडे पापुद्रे सुटलेले असतात. अशा टाकीला दरवर्षी ऑइल पेंटचा एक हात मारून वेळ निभावून नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याऐवजी एकदा मुळापासून साफसफाई करून इपॉक्सी लावले, तर हा दरवर्षीचा खटाटोप बराच लांबतो. हे काम घरच्या गॅरेजमध्ये मोठी यंत्रे न आणता करता येते. मात्र त्यात रंग लावण्याचा भाग तासाभराचा आणि त्याआधीचा भाग दोन दिवसांचा असतो, हे नवख्या माणसाने आधीच मान्य करून टाकावे. पुढची सगळी माहिती टाकीला धरून दिली असली, तरी फाटक, खिडकीचे गज, जिन्याचे कठडे किंवा गच्चीवरच्या टाकीचा स्टँड यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

माझी पहिली टाकी एका उन्हाळ्यातच गेली होती. ग्राइंडरने तळ अगदी चकचकीत केला होता, प्राइमर महागाचे होते, दोन्ही हात नीट बसले होते. पण ग्राइंडर चालवण्याआधी पंख्याच्या मोटारीतून गळलेले तेल मी रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने पुसले होते आणि तेवढे पुरेसे समजलो होतो. मे महिन्यात पंप बाहेर काढताना कडेला नख लागले आणि तळहाताएवढा रंग एकसंध सुटून हातात आला. मी तो उलटा करून उजेडात धरला, तेव्हा त्याची पाठ करडी, गुळगुळीत आणि बोटाला किंचित तेलकट लागणारी होती. गंजाचा एक कणही तिला चिकटलेला नव्हता. रॉकेल स्वतःच तेलकट असते आणि मागे पातळ थर ठेवून जाते, हे तेव्हा समजले. त्या दिवसापासून कुठेही रंग सुटलेला दिसला की मी आधी पापुद्र्याची पाठ पाहतो. पाठीला गंज चिकटून आला असेल तर गंज पुरता निघालेला नव्हता. पाठ स्वच्छ असेल तर तेल राहिले होते किंवा धातू फार गुळगुळीत होता. आणि प्राइमर धातूवर शाबूत राहून केवळ वरचा हात सुटला असेल, तर दोन हातांमधले अंतर चुकले होते. तुमच्या घरी जुना रंग सुटत असेल, तर खरवडण्याआधी दोन मिनिटे देऊन ही तपासणी करावी, म्हणजे मागच्या वेळी काय चुकले ते कळते.

इपॉक्सी कसे कठीण होते

ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. इपॉक्सीचे तसे नाही. ते दोन डब्यांत मिळते: एकात राळ आणि रंगद्रव्य असलेला बेस, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र झाले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती मागे फिरवता येत नाही. घरोघरी वापरलेले ॲराल्डाइट आणि गळक्या नळाला थापलेले एम-सील ही याच कुळातली द्रव्ये आहेत. ती दोन भागांत का येतात याचे कारणही हेच.

यातून काही गोष्टी ओघाने येतात. बेस आणि हार्डनर यांचे प्रमाण म्हणजे भाजीतले मीठ नव्हे; लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर जास्तीचा हार्डनर न जुळता तसाच राहतो आणि थर चिकट किंवा ठिसूळ होतो. दुसरे, मिसळलेला रंग ठरावीक वेळातच वापरावा लागतो. या वेळेला रंगाच्या माहितीपत्रकात पॉट लाइफ म्हणतात, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की ती ढोबळमानाने निम्मी होते. २५ अंशांना दोन तास टिकणारे मिश्रण ३५ अंशांना तासाभरातच ओढायला जड होऊ लागते. तिसरी गोष्ट उन्हाची. इपॉक्सी पाण्याला आणि क्षारांना उत्तम तोंड देते, पण सूर्याच्या अतिनील किरणांपुढे त्याचा पृष्ठभाग हरतो व त्यावर खडूसारखी पांढरट भुकटी येते. टाकीच्या आतल्या बाजूला याची फारशी चिंता नाही. रस्त्याकडच्या फाटकाला मात्र इपॉक्सीवर पॉलियुरेथेन या ऊन सोसणाऱ्या रंगाचा हात द्यावाच लागतो.

मुहूर्त

नागपूरच्या हवेत या कामासाठी दसऱ्यानंतरचे दिवस आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे दोन काळ उत्तम आहेत. कूलर काढण्याची वेळही तीच, त्यामुळे टाकीचे काम फेब्रुवारीच्या शेवटी हाती घ्यावे. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो आणि उन्हातला पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. अशा पत्र्यावर ब्रश टेकताच थिनर उडून जातो, रंग धातूच्या खरबरीत अंगात शिरण्याआधीच घट्ट होतो आणि वर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. नवतपाच्या नऊ कडक दिवसांत तर या कामाचे नावही काढू नये. उन्हाळ्यातच करणे भाग असेल, तर धातू रात्रभर सावलीत ठेवून सकाळी आठच्या आत रंग लावावा.

पावसाळ्यात अडचण उलटी असते. घासून उघडे पडलेले लोखंड दमट हवेत काही तासांत तांबूस होते, आणि डोळ्याला न दिसणारा दवाचा थर रंगाखाली अडकतो. रंगाच्या कंपन्या साधारणपणे सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावे असे सांगतात. दवबिंदू काढण्याची एक सोपी रीत आहे: आर्द्रता १०० पासून जितकी कमी असेल, तिला ५ ने भागून येणारा आकडा हवेच्या तापमानातून वजा करावा. उदाहरणार्थ, हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पत्रा जरा थंड असला तरी काम थांबवावे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असतानाच हा हिशोब चालतो, पण खाली असेल तर दवाची काळजी करण्याचे कारणही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नागपुरातले फाटक दवाने ओले असते, हे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत ऊन चढल्यावर, साधारण दहानंतर सुरुवात करावी आणि दुपारी तीनपर्यंत आटोपावे. मोजण्याचे साधन नसेल, तर पत्र्यावर ओल्या फडक्याचा एक पट्टा ओढावा. तो पंधरा मिनिटांत पूर्ण उडून गेला नाही, तर त्या दिवशी रंग उघडू नये.

जागा आणि अंगाची काळजी

आपल्याकडे गॅरेज म्हणजे बहुधा गाडी, दोन स्कूटर, इन्व्हर्टर आणि जुन्या सायकली यांचा एकत्र संसार असतो. त्यातल्या स्कूटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी आधी बाहेर काढावी किंवा काम त्यांच्यापासून दूर करावे, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या लांबवर उडतात, चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. या कारणासाठी घासणे आणि रंगवणे ही दोन कामे एकाच वेळी एका जागी कधीही करू नयेत. टायर किंवा डॅशबोर्ड चमकवण्याचा सिलिकॉनचा फवारा त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये मारला असेल, तर त्याचे अदृश्य थेंब धातूवर बसतात आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. हा दोष एकदा आला की पुन्हा घासण्याशिवाय उपाय नाही.

शटर पूर्ण उघडे ठेवावे. पंखा आपल्या पाठीमागे, ताज्या हवेच्या बाजूला ठेवून वाफ दाराबाहेर ढकलावी, म्हणजे ती पंख्याच्या मोटारीवरून जात नाही. घासताना बाजूने बंद असलेला चष्मा, जाड हातमोजे आणि धुळीचा मास्क लागतो. रंग लावताना तो मास्क उपयोगाचा नाही, कारण धूळ अडवणारे कापड वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेची डबी बसवलेला मास्क घ्यावा. हातात नायट्राइलचे मोजे असावेत. इपॉक्सीचा, विशेषतः हार्डनरचा, त्वचेला वारंवार स्पर्श झाला तर कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि ती जडली की पुढे अगदी थोड्या स्पर्शानेही अंग उठते. हाताला रंग लागलाच तर साबणाने धुवावे. थिनरने पुसू नये, कारण थिनर तेच द्रव्य त्वचेत आणखी खोल नेतो.

एक खबरदारी जुन्या फाटकांसाठी. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, आणि विशेषतः शेंदरी प्राइमरमध्ये, शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. ते कोरडे न घासता पाणी मारून घासावे, लेकरांना दूर ठेवावे आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधावी.

काय विकत घ्यावे

चार इंची अँगल ग्राइंडर, त्याला पिळलेल्या तारेचा कप ब्रश, ६० आणि ८० नंबरच्या फ्लॅप डिस्क, हाताचा तारेचा ब्रश, खरवडणी, ८० ते १८० नंबरचे पॉलिश पेपर, रंग न जाणाऱ्या पांढऱ्या सुती चिंध्या, मापाचे प्लास्टिक पेले आणि दोन इंची चांगला ब्रश एवढ्यावर काम भागते. हे सगळे नागपूरच्या इतवारी बाजारात एका फेरीत मिळते. ब्रश स्वस्तातला घेऊ नये. त्याचे केस थरात अडकतात आणि पुढे त्याच केसाच्या वाटेने पाणी आत शिरते.

रंगाच्या निवडीत मात्र दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये, माहितीपत्रक मागून घ्यावे. दुकानात झिंक रिच इपॉक्सी प्राइमर सर्वांत भारी म्हणून पुढे केले जाते. पण त्यातले जस्त लोखंडाला प्रत्यक्ष भिडले तरच ते काम करते आणि त्यासाठी वाळूच्या माऱ्याने उघडे केलेले लोखंड लागते. हाताने घासलेल्या पृष्ठभागावर ते लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. माहितीपत्रकात तयारीची पातळी आयएसओ ८५०१-१ या मानकाच्या भाषेत लिहिलेली असते: एसए अडीच म्हणजे ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून जवळपास पांढरे केलेले लोखंड, एसटी २ आणि एसटी ३ म्हणजे हाताने किंवा ग्राइंडरने केलेली सफाई. घरी आपण फार तर एसटी ३ पर्यंत पोहोचतो. म्हणून जिथे एसटी २ किंवा एसटी ३ चालेल असे स्पष्ट लिहिले आहे, असे सरफेस टॉलरंट इपॉक्सी, ज्याला बाजारात इपॉक्सी मॅस्टिक असेही म्हणतात, तेच घ्यावे. टाकीसाठी ते पाण्याखाली चालते का हेही त्याच कागदावर पाहावे. फाटकासाठी झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्राइमर पुरते. थिनर त्याच कंपनीने सांगितलेला इपॉक्सी थिनर असावा. आणि खाली रेड ऑक्साइडचा हात मारून त्यावर इपॉक्सी लावू, असे कोणी पेंटर म्हणाला तर त्याला थांबवावे. इपॉक्सीतला जहाल थिनर खालच्या साध्या प्राइमरला फुगवून सुरकुत्या पाडतो.

किती आणावा याचा हिशोब अवघड नाही. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आठ इंच उंच टाकीचा आतला पृष्ठभाग सुमारे १३ चौरस फूट, म्हणजे १.२ चौरस मीटर भरतो. रंगातल्या घन भागाच्या (वाळल्यावर मागे उरणाऱ्या भागाच्या) टक्केवारीला १० ने गुणून हव्या असलेल्या कोरड्या थराच्या मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भागले, की एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील ते मिळते. घन भाग ८० टक्के आणि थर १०० मायक्रॉन धरला तर ८ चौरस मीटर. म्हणजे टाकीच्या एका हाताला १५० मिली आणि ब्रश-डब्यातली नासाडी धरून २०० मिली. दोन हातांना लिटरचा अर्धा पॅकही पुरतो, उरलेल्यात स्टँडचे पाय होऊन जातात.

साफसफाई, जिथे खरे काम आहे

सर्वांत आधी टाकीतले पांढरे क्षार खरवडणीने कोरडेच काढावेत. राहिलेले क्षार व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने सैल होतात. संडास साफ करण्याचे ॲसिड मात्र टाकीत ओतू नये. ते क्षार झटक्यात काढते हे खरे, पण त्यातले क्लोराइड लोखंडाच्या खड्ड्यांत दडून बसते आणि रंगाखाली गंज पुन्हा पेटवते. नंतर साबणाच्या पाण्याने टाकी धुऊन, भरपूर साध्या पाण्याने खळखळून, उन्हात वाळवावी.

यानंतर, आणि ग्राइंडरला हात लावण्याआधी, तेल काढायचे. हा क्रम उलटा झाला तर ग्राइंडर तेलाला धातूच्या ओरखड्यांत खोल रगडून बसवतो. त्यासाठी दोन चिंध्या घ्याव्यात: एक थिनरमध्ये भिजवलेली, दुसरी कोरडी. हातभर भाग ओल्या चिंधीने पुसायचा आणि थिनर उडून जाण्याआधी लगेच कोरड्या चिंधीने टिपून घ्यायचा, कारण थिनर नुसता उडू दिला तर तेल पसरून तिथेच राहते. चिंध्या सतत बदलाव्यात. पांढरी चिंधी पांढरीच राहिली की हा टप्पा संपला.

आता पत्रा कोणता आहे ते ओळखावे. पृष्ठभागावर बर्फाच्या फुलांसारखी करडी नक्षी दिसली तर तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा आहे; तिथे ग्राइंडर चालवून जस्त उडवू नये, १८० च्या पॉलिश पेपरने चमक घालवण्यापुरते हलके घासावे आणि पांढरी भुकटी काढून टाकावी. जीआय पत्र्यावर ऑइल पेंट टिकत नाही, कारण जस्ताच्या क्षारांशी त्यातल्या तेलाचा साबण बनतो. इपॉक्सीला ही अडचण येत नाही. जिथे जस्त संपून तांबडा गंज आला आहे, तेवढा भाग साध्या लोखंडासारखा घासावा. नव्या अँगलवरची निळसर काळी पपडी पाहून पुष्कळ जण ते लोखंड स्वच्छच समजतात. ती पपडी कारखान्यात गरम लोखंड लाटताना आलेली असते आणि पुढे रंगासकट सुटते. ती काढावीच लागते.

साध्या लोखंडावर आधी कप ब्रश चालवून सुटा गंज उडवावा. इथेच नवखा माणूस फसतो. तारेच्या ब्रशाने लोखंड चमकते आणि काम झाल्यासारखे वाटते, पण तार गंजाला पुष्कळदा उपटत नाही, घोटून गुळगुळीत करते. तिरक्या उजेडात पाहिल्यास त्या चमकेत तपकिरी झाक दिसते. म्हणून त्यानंतर ८० नंबरची फ्लॅप डिस्क किंवा पॉलिश पेपर आडवा आणि उभा, असा दोन्ही दिशांनी फिरवून धातूला खरबरीत धार आणावी. बोटाचे नख ओढले की ते किंचित अडखळले पाहिजे. पत्रा बहुधा पातळ असतो, तेव्हा डिस्क एका जागी टेकवून ठेवू नये. भोक पडायला वेळ लागत नाही. खोल खड्ड्यांतला गंज डिस्कला सापडत नाही, तिथे सुईसारख्या टोकाच्या हत्याराने टोकरत बसण्याला पर्याय नाही. गंज काळा करणारी फॉस्फोरिक ॲसिडची द्रावणे मिळतात आणि खड्ड्यांसाठी ती उपयोगी आहेत, पण त्यांचे अवशेष पाण्याने पूर्ण धुऊन काढले नाहीत तर आम्ल हार्डनरला मारते आणि त्या जागी रंग कच्चा राहतो.

धारदार कडा फाइलने गोल कराव्यात. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि नेमका तिथे थर सर्वांत पातळ उरतो. फाटकाला गंज नेहमी कडेपासून का लागतो, याचे उत्तर यात आहे. वेल्डिंगचे शिंतोडे छिन्नीने उडवावेत. आरपार भोके एक-दोन असतील तर घासलेल्या धातूवर एम-सील दोन्ही बाजूंनी दाबून बसवावे. चाळणीच झाली असेल तर रंगाचा नाद सोडून वेल्डरकडून नवा तळ मारून घेतलेला स्वस्त पडतो.

शेवटी पाण्याची परीक्षा घ्यावी. स्वच्छ पाण्याचा हबका मारावा. पाणी अखंड पातळ पडद्यासारखे पसरले तर तेल नाही. कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर थिनरपासून पुन्हा सुरुवात. माझी पहिली टाकी या एका हबक्याने वाचली असती. परीक्षा झाली की पाणी लगेच टिपून पत्रा उन्हात वाळवावा, तांबूस झाक आली असल्यास पेपरने पुन्हा एकदा हलके घासावे, धूळ झटकून थिनरच्या चिंधीने पुसावे आणि चार तासांच्या आत पहिला हात द्यावा. तोवर त्या पृष्ठभागावर उघडा तळहात टेकू नये. घामाचे ठसे रंगाखालून उमटतात.

मिसळणे आणि लावणे

बेसच्या डब्यात जड रंगद्रव्य तळाला बसलेले असते, ते सपाट पट्टीने तळापासून ढवळून एकजीव करावे. मग मापाच्या पेल्याने, समजा प्रमाण ४ ला १ असेल तर, १६० मिली बेस आणि ४० मिली हार्डनर घ्यावा. अंदाजाने ओतू नये आणि प्रमाण वजनाचे आहे की मापाचे हे डब्यावर वाचून घ्यावे. तीन-चार मिनिटे कडा खरवडत ढवळल्यावर मिश्रण दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून पुन्हा ढवळावे, कारण पहिल्या डब्याच्या भिंतीला न मिसळलेला बेस चिकटून राहतो आणि ब्रश नेमका तोच उचलतो. काही रंगांना मिसळल्यावर १५ ते ३० मिनिटे तसेच ठेवावे लागते. माहितीपत्रकात तसे असेल तर घाई करू नये. थिनर लागलाच तर सगळे मिसळून झाल्यावर आणि पाच टक्क्यांपर्यंत.

आधी कोपरे, जोड, वेल्डिंगच्या रेषा, बोल्टची भोके आणि पाणी सोडण्याच्या नळीचे तोंड एवढेच ब्रशाने रंगवावे, रंग टोचून टोचून आत बसवावा; पूर्ण हात त्यावरून द्यावा. घन भाग ८० टक्के असलेल्या रंगाचा ओला थर १२५ मायक्रॉन असला तर वाळून १०० उरतो. हे मोजायला दातेरी फणीसारखे एक छोटे साधन मिळते, ते ओल्या रंगात टेकवायचे आणि शेवटचा कोणता दात भिजला ते वाचायचे. एकाच हातात जाड थर देण्याचा मोह टाळावा. वरची बाजू आवळते, आत थिनर अडकतो आणि पुढे फोड येतात. रंग लावताना मिश्रण जड वाटू लागले की थिनर ओतून त्याला जिवंत करण्याचा प्रयत्न करू नये, ते टाकून नवे मिसळावे.

दुसरा हात साधारणपणे रात्रभर थांबून सकाळी द्यावा. या अंतराला किमान मर्यादा असते तशी कमालही असते, आणि ती रंगानुसार काही दिवसांची असते. ती उलटली तर पहिला हात इतका कठीण होतो की दुसरा त्यात रुतत नाही. मर्यादा ओलांडली असेल तर १२० नंबरच्या पेपरने चमक घालवून, धूळ पुसून मग लावावे. थंडीत किंवा दमट रात्रीनंतर पहिल्या हातावर मेणासारखा चिकट थर जाणवला, तर तो कोमट पाण्याने धुऊन, वाळवून पुढे जावे. दुसऱ्या हाताला थोडी वेगळी छटा घेतली तर कुठे राहिले ते लगेच दिसते. करड्यावर पांढरा सोयीचा पडतो. फाटकाला वरून पॉलियुरेथेन देताना ते ब्रशानेच द्यावे. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फवाऱ्यातून फुप्फुसात गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून घरी स्प्रे गनचा विचारही करू नये.

ब्रश लगेच थिनरने धुवावा, तासाभराने त्याचा दगड होतो. उरलेले मिसळलेले इपॉक्सी झाकण न लावता उघड्यावर पसरट भांड्यात ठेवावे. डब्यात दाट साठा राहिला तर क्रियेच्या उष्णतेने तो तापतो आणि धूर सोडतो. कठीण झाल्यावर ते कचऱ्यात टाकता येते. धुण्याचा थिनर नालीत ओतू नये, बरणीत ठेवावा. गाळ खाली बसला की वरचा थिनर पुढच्या धुण्याला चालतो. आणि थिनर कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरू नये.

पाणी कधी भरायचे

हाताला कोरडा लागणारा रंग आतून पिकलेला नसतो. २५ ते ३० अंशांत पूर्ण पिकायला सात दिवस लागतात, हवा थंड असल्यास जास्त. तिसऱ्या दिवशी गरम झाले म्हणून घरच्यांनी कूलर लावायचा आग्रह धरला तरी टाकी कोरडीच ठेवावी. आठव्या दिवशी पाणी भरून रात्रभर उभे ठेवावे आणि सकाळी ते काढून टाकून टॉर्चच्या तिरक्या उजेडात तळ पाहावा. बोल्टच्या टोकाशी किंवा नळीच्या चाकीखाली पिवळसर धार दिसली, तर तेवढा भाग वाळवून, घासून लगेच दुरुस्त करावा. चाकी आवळताना नवा रंग तिथेच फुटतो, म्हणून तिच्याखाली रबराचा वॉशर घालावा. पंप थेट तळावर न ठेवता त्याच्याखाली जुन्या मॅटचा तुकडा ठेवला, म्हणजे थरथरीने त्याचे पाय थराला घासत नाहीत. जूनमध्ये कूलर आवरताना टाकी पूर्ण रिकामी करून, एक दुपार उन्हात तापू देऊन, मगच ताडपत्री घालावी, आणि खालून हवा खेळेल इतकी ती सैल बांधावी.